विहीणबाईंचा गुडघा

माझ्या देखत कुणाच्याही हातून सुटलेली एकही वस्तू आमच्या विहीणबाईंनी आजवर जमिनीला लागू दिलेली नाही. चमचे, चष्मे, किल्ल्यांचे जुडगे, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या, सगळं त्यांनी वरच्या वर झेललेलं आहे. जमिनीवर पडू दिलं ते फक्त स्वतःला, आणि तेही एकदाच. त्या एका पडण्यानं त्यांचा गुडघा गेला आणि माझे सात महिने गेले. त्या सात महिन्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती पोह्यांच्या निमित्तानं. माझ्या मुलीनं आणि त्यांच्या मुलानं आपलं आपण सगळं ठरवलं होतं. दोन्ही घरं फक्त पोह्यांपुरती एकत्र यायची होती. तरी माझ्या मुलीला काय झालं कोण जाणे, पुढे करताना बशी तिच्या हातून निसटली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सोफ्यावर बसलेल्या विहीणबाई डावीकडे पार ओणव्या झाल्या होत्या आणि बशी त्यांच्या तळहातावर, फरशीपासून वीतभर उंचीवर, शांतपणे टेकली होती. वरचं खोबरंसुद्धा हललं नव्हतं. आमचे हे तर टाळ्या वाजवायच्या बेतात होते. विहीणबाईंनी बशी मुलीच्या हातात परत दिली आणि म्हणाल्या, "हात मऊ ठेवायचे गं. कडक हातातून वस्तू उडते." मुलगी पसंत आहे असं त्या घरून वेगळं कुणी म्हणालं नाही. आम्ही यातच सगळं समजून घेतलं.

त्या विकेटकीपर होत्या, हे मला नंतर कळलं. कॉलेजच्या संघात, मग जिल्ह्याच्या संघात. त्यानंतर लग्न, मुलगा आणि सरकारी नोकरी. या तिन्हींत कीपिंगला जागा नव्हती, म्हणून ग्लोव्हज माळ्यावर गेले. पुढे यजमान वारले, मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला (लग्नानंतर माझी मुलगीही तिकडेच), त्या निवृत्त झाल्या, आणि ज्या दिवशी निरोपाचा नारळ घेऊन घरी आल्या त्याच दिवशी शिडी लावून त्यांनी माळ्यावरून ग्लोव्हज खाली काढले. त्यांच्या सोसायटीतल्या तरुण मुलींचा एक संघ होता, आयटीत काम करणाऱ्या, रविवारी टर्फवर, म्हणजे जाळीतल्या नकली हिरवळीवर, खेळणाऱ्या. त्यांना कीपर हवीच होती, कारण वाकून उभं राहायला कुणी तयार नव्हतं. "आँटी, तुम्हाला जमेल?" असं त्यांनी विचारलं. आँटी सरळ स्टंपांमागे जाऊन बसल्या.

बसल्या म्हणजे उकिडव्या बसल्या. हे नीट सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच आहे. बाकीचे लोक खुर्चीत बसतात, सोफ्यावर बसतात. विहीणबाई उकिडव्या बसत. मटार सोलायला उकिडव्या, टीव्हीसमोर उकिडव्या, मुलाशी फोनवर बोलायलाही उकिडव्या. ऑफिसात सगळ्यात खालच्या कप्प्यातली फाइल हवी असली की शिपायाला न बोलावता त्या स्वतः खाली बसत आणि तिथेच बसून अख्खी फाइल वाचून काढत. साहेब येऊन रिकाम्या खुर्चीशी बोलून गेल्याचं त्या स्वतःच सांगतात. लग्नात फोटोग्राफरनं "वरमाय कुठायत?" म्हणून हाक मारली तेव्हा त्या स्टेजच्या मागे उकिडव्या बसून केटररच्या माणसाशी चर्चा करत होत्या. "मागून सगळं दिसतं," असं त्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट, त्यांची बोटं. उजव्या हाताची तीन बोटं वेगवेगळ्या दिशांना गेलेली आहेत. कुठलं बोट कुठल्या सामन्यात मोडलं, हे त्या तारखेनिशी सांगतात. आम्ही लग्नात मानाची म्हणून दिलेली अंगठी कुठल्याच बोटात जाईना, तेव्हा त्यांनी ती सरळ गळ्यातल्या साखळीत ओवली. विहिणीचे पाय धुवायचा विषय तर त्यांनी काढूच दिला नाही. "आमच्याकडे हे नाही, आणि असतं तरी मी नको म्हटलं असतं. माझे पाय मला धुता येतात." त्यांचं घर बौद्ध, आमचं गणपतीवालं, लग्न दोन्ही पद्धतींनी झालं आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांनी दोन्हीकडे नाकं मुरडली, त्यामुळे तेही समसमान झालं.

आणि तिसरी गोष्ट, बोलणं. कीपर मागून सतत बोलत असतो म्हणे, बॉलरला धीर द्यायला आणि बॅट्समनचा धीर घालवायला. विहीणबाईंनी ही सवय घरीदारी चालू ठेवली होती. भाजीवाला तराजू उचलतो तेव्हा त्या म्हणत, "शाब्बास, असंच! थोडं आणखी!" आणि तो बिचारा थोडं आणखी घालत असे.

तर त्या रविवारी धायरीच्या टर्फवर सामना होता आणि मला आग्रहाचं बोलावणं होतं. मी थर्मास आणि चकल्या घेऊन जाळीबाहेर बसले होते. शेवटचा बॉल, समोरच्या संघाला दोन धावा हव्यात. बॅटिंग करणारी मुलगी पुढे सरसावली, बॉल तिच्या पायामागून गेला, विहीणबाई वळल्या. त्या वळल्या, पण त्यांचा डावा बूट त्या हिरव्या गालिच्यात रुतून तिथेच राहिला. मला जाळीबाहेर आवाज ऐकू आला. ओला दोर तुटावा तसा. पडता पडता त्यांनी हातातल्या बॉलनं स्टंप उडवले आणि आडव्या पडूनच हात वर करून अपील केलं. पंच म्हणजे संघातल्याच एकीचा नवरा. तो घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावला. विहीणबाई त्याला म्हणाल्या, "आधी निर्णय द्या, मग पाणी." त्यानं बोट वर केलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "आई गं."

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "चालाल, जिने चढाल, सगळं कराल. उकिडवं बसणं मात्र विसरा." त्यावर विहीणबाई म्हणाल्या, "विसरायचं कसं तेही लिहून द्या. साठ वर्षांची सवय आहे." मुलगा रजा काढून पंधरा दिवस राहिला, मग त्याला जावंच लागलं. जाताना त्यानं औषधांची यादी माझ्या हातात ठेवली. मीच म्हटलं, "मी आहे ना." आमची घरं कर्वेनगरातच, दोन गल्ल्यांचं अंतर. आमच्या घरात गाडी मी चालवते, कारण आमचे हे चालवायला लागले की मला चालत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेनऊ वाजता फिजिओथेरपी.

लांबलचक पट्टा बांधलेला पाय पुढच्या सीटवर मावेना, म्हणून त्या मागे आडव्या बसत, पाय सीटभर पसरून. म्हणजे बरोबर माझ्यामागे. पन्नाशीनंतर गाडी शिकलेली मी. ताशी वीसच्या वर गेले की मला देव आठवतो. मागून सुरू होई, "छान! रेषेत ठेवा! घाई नाही, घाई नाही... तो रिक्षावाला बाहेरचा आहे, सोडून द्या! हां, आता आत घ्या!" पहिल्या आठवड्यात मी गाडी बाजूला घेऊन "विहीणबाई, तुम्ही बोलू नका" म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस त्या दुखण्यावरच्या गोळीच्या गुंगीत होत्या आणि गप्प होत्या, तेव्हा मी दोनदा वळण चुकले.

क्लिनिक म्हणजे तळमजल्यावरची एक लांब खोली. सहा पलंग, एक सायकल, भिंतीला शिडीसारख्या दांड्या. आमची फिजिओ पंचविशीची, नाजूक आवाजाची आणि दगडी मनाची. "काकू, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली, आणि खाली दाबा. दहा मोजा. चीटिंग नको हं, मी बघतेय." पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "दुखणं किती? शून्य ते दहा." विहीणबाई म्हणाल्या, "चार. पण अंतिम अभिप्राय राखून ठेवते." हळूहळू सगळं क्लिनिक त्यांच्या ताब्यात गेलं. शेजारच्या पलंगावर धायरीचा एक कबड्डीपटू असे, मांडीचा स्नायू फाटलेला, शेतावरच्या बैलासारखा देह आणि पाय वर उचलताना डोळ्यांत पाणी. त्याला त्या आपल्या पलंगावरून म्हणत, "शाब्बास पठ्ठ्या! अजून वीतभर! आला, आला, आला..." आणि पाय खरंच वर येई. तो म्हणायचा, "मावशी, तुमी बोलत ऱ्हावा. डाक्टरीनबाई मोजत्यात तवा दुखतंय, तुमी बोलता तवा न्हाई दुखत." आणि मी? ज्यांनी लग्नात पाय धुऊ दिले नाहीत त्यांच्या पायाला दर खेपेला वीस मिनिटं बर्फ लावत बसत असे.

सहा आठवडे सगळं ठरल्यासारखं झालं. फिजिओ एका मोठ्या कोनमापकानं गुडघा किती वाकतो ते मोजायची. चाळीस, साठ, ऐंशी, पंच्याण्णव. आणि पंच्याण्णववर तो थांबला. सातवा आठवडा पंच्याण्णव. आठवा पंच्याण्णव. सर्जननं तपासून सांगितलं, आणखी तीन आठवडे बघू, नाही वाकला तर भूल देऊन वाकवावा लागेल. विहीणबाई "बरं" म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच थांबलं. गाडीत गप्प, क्लिनिकमध्ये गप्प. कबड्डीपटूनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशीचं काय बिनसलंय का? लईच गप हाय." त्याचा पायही त्या आठवड्यात अर्धाच वर येत होता.

मी घाबरले. गुपचूप गणपतीला एकवीस मोदक बोलून आले. ते माझ्या तोंडून निसटलं आणि विहीणबाई कितीतरी दिवसांनी जरा हसल्या. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती आहे. पूर्वी सकाळी तिच्यासमोर गुडघे टेकून वंदना म्हणायच्या, हल्ली काठी धरून उभ्यानं म्हणत. तिकडे बघत म्हणाल्या, "आमच्याकडे नवस नाही, विहीणबाई. बुद्ध सांगतात, तुझं तूच कर. ती फिजिओची पोरही तेच सांगते. मला दोघांचंही पटतं."

"मग?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. पाय अडलेला नाही. मीच अडवते. ती वाकवायला लागली की मला तो आवाज ऐकू येतो. टर्फवरचा. वाटतं, आता पुन्हा तुटणार. मी तिला कळू न देता सगळं अंग ताठ करते. आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले, हात मऊ ठेवा, हात मऊ ठेवा. आणि आता माझाच पाय लाकूड झालाय."

मी साठी ओलांडलेली बाई. खेळाशी माझा संबंध संगीत खुर्चीपलीकडे नाही. मी एवढंच म्हटलं, "उद्यापासून रोज संध्याकाळी मी येते. आपण दोघी करू. तुम्हाला एकटीला भीती वाटते ना, मग मीही वाकवते माझा."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हॉलमध्ये दोन सतरंज्या अंथरून आम्ही दोघी उताण्या पडलो. टाच जमिनीवरून सरकवत आपल्याकडे ओढायची, एवढाच व्यायाम. त्या ओढत होत्या आणि नेहमीच्या जागी अडकत होत्या. मी धीर द्यावा म्हणून म्हणाले, "छान! छान बॉल!"

"बॉल नाही हो, टाच."

"छान टाच! आत घ्या!" असं म्हणत मीही जोर लावून माझी टाच ओढली, आणि माझ्या गुडघ्यातून असा काही आवाज आला की खिडकीतली चिमणी उडाली. काडकन! खरंच सांगते, टर्फवरचा आवाज यापुढे काहीच नव्हता. मी किंचाळले. त्या दचकून कोपरावर उठल्या. "दुखलं? अहो, दुखलं का?"

मी पाय चाचपला. हलवला. "नाही," मी म्हणाले. "काहीच झालं नाही. नुसताच वाजला."

एक क्षण आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग सगळ्या अंगातून. त्यांना हसताना बघून मला, मला बघून त्यांना. डोळ्यांतून पाणी गळत होतं, दोघींनाही उठता येत नव्हतं. आणि हसता हसता माझं लक्ष त्यांच्या टाचेकडे गेलं. ती नेहमीच्या जागेच्या बरीच अलीकडे आली होती.

"हलू नका!" मी ओरडले. त्यांच्या मुलाच्या जुन्या कंपासपेटीत प्लॅस्टिकचा कोनमापक होता, तो रांगत जाऊन आणला आणि गुडघ्याला लावला. "चौऱ्याहत्तर!" मी म्हणाले आणि माझा चेहरा पडला. "कमी झाला हो."

"एकशे ऐंशीतून वजा करा," त्या छताकडे बघत शांतपणे म्हणाल्या. "आतला नाही, बाहेरचा कोन मोजतात."

मी वजाबाकी बोटांवर केली. एकशे सहा.

त्यांनी डोळ्यांवर हात आडवा घेतला. आता त्या हसत नव्हत्या. मी टाच धरून बसले, ती पुन्हा सरकून जाईल या भीतीनं.

पुढच्या सोमवारी त्यांनी फिजिओला स्वतःहून सगळं सांगितलं. ती मुलगी मोजणी थांबवून पलंगाच्या कडेला बसली. "काकू, हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगायचं ना. अर्ध्या लोकांना हीच भीती असते. आता तुम्ही 'थांब' म्हणालात की मी लगेच थांबणार. प्रॉमिस." त्या दिवशी विहीणबाई तीनदा "थांब" म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात एकदा. तिसऱ्या आठवड्यात सर्जननं एकशे अठरा बघून भूल देण्याचा बेत रद्द केला. श्रेय गणपतीचं की व्यायामाचं यावर आम्ही वाद घातला नाही, एकवीस मोदक दोघींनी मिळून खाल्ले.

मग काठी सुटली. सायकल आली, एका पायावर तोल सांभाळणं आलं, पायऱ्या आल्या. शेवटच्या शुक्रवारी फिजिओनं भिंतीवरच्या दांडीकडे बोट दाखवलं. "धरून, हळूहळू. पाच सेकंद. फक्त आज, फक्त माझ्यासमोर." विहीणबाई दांडी धरून खाली गेल्या. खूप हळू. कबड्डीपटू स्वतःचा व्यायाम सोडून बघत राहिला. त्या उकिडव्या बसल्या. पूर्ण नाही, टाचा थोड्या उचललेल्या; पण बसल्या. कुणी मोजलं नाही, म्हणून पाचाचे बहुतेक दहा झाले. मग फिजिओनं त्यांना हात देऊन वर उठवलं आणि म्हणाली, "पण काकू, कीपिंग नाही. मी खोटं नाही सांगणार. या गुडघ्यानं नाही."

मला वाटलं, आता निर्णयाविरुद्ध अपील होणार. विहीणबाईंनी कपड्यांवरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "बरं." एवढंच. मग पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढून सगळ्या पलंगांवर फिरल्या.

त्यानंतरच्या सोमवारी सव्वानऊला मी गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होते. आमचे हे म्हणाले, "कुठे?" मी किल्ली परत ठेवली. तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"विहीणबाई, काही काम आहे का तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

शेवटी त्याच म्हणाल्या, "टेकडीवर येता?"

दसऱ्याच्या आसपासचे दिवस, गवत पिवळं पडायला लागलेलं. आम्ही फार सावकाश चढलो. वर एका दगडावर टेकल्यावर मी विचारलं, "ग्लोव्हज पुन्हा माळ्यावर टाकले का?"

"छे. आमच्या संघातल्या त्या ठेंगण्या मुलीला दिले, ती करते आता कीपिंग. फार लवकर उठते, बॉल टप्पा घेईपर्यंत खाली राहायला हवं. शिकेल."

"वाईट वाटतं?"

"वाटतं की. रोज वाटतं." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "पण सकाळी उठून कुठेही हात न टेकता ओट्यापाशी जाते आणि चहा टाकते, तेव्हा जरा कमी वाटतं."

उतरताना वाट घसरडी होती. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड, हे एव्हाना मलाही ठाऊक झालेलं. दोन पावलं उतरून त्या थांबल्या आणि मागे न बघता त्यांनी हात माझ्याकडे केला. "हात दे गं."

सहा वर्षं आम्ही एकमेकींना अहो-जाहो करत होतो. मी हात दिला. खाली सपाट रस्ता लागला, तिथं आधाराची गरज दोघींनाही नव्हती. पण ते लक्षात आल्याचं कुणीच दाखवलं नाही.

आता दर सोमवारी आम्ही टेकडीवर जातो. माझ्या तोंडून अजून 'विहीणबाई'च येतं, जीभ वळत नाही. त्या मात्र 'तू'वर ठाम आहेत. परवा बोलता बोलता कळलं की मुलं शाळेत होती तेव्हापासून आम्ही दोघी एकाच गिरणीत दळण टाकत होतो, बहुतेक शनिवारी, बहुतेक एकाच रांगेत. डबा पुढे सरकवायचा, भाव विचारायचा, घरी जायचं. तेव्हा कुणी नुसतं वळून "तुमचं काय, ज्वारी का?" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं, असं टेकडी उतरताना कधी कधी मनात येतं. मग मी आपली पावलं आणखी थोडी सावकाश टाकते.